तिसरा गडी

दारात बसवलेल्या कापडी म्हातारीचा रुमाल वाऱ्याने पुन्हा उडाला, तेव्हा हिस्के स्वतःच बाहेर जाऊन तो घट्ट बांधून आली. बाई पन्नास वर्षांची झाली की शेजारीपाजारी तिच्या अंगणात अशी म्हातारी आणून बसवणारच, त्याला इलाज नव्हता. पण या म्हातारीच्या उजव्या हातात कुणीतरी काट्सन या हाताने चेंडू मारायच्या मैदानी खेळाचा चामडी पंजा चढवला होता आणि गळ्यात पाटी अडकवली होती, 'राणी अजून दमलेली नाही.'

"हे तुझंच काम," ती आत येत भावाला म्हणाली.

"माझं? मी तर गवत कापत होतो," वीब्रेन म्हणाला आणि गुलाबी साय माखलेल्या केकचा मोठा तुकडा त्याने तोंडात कोंबला.

बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. जो येई तो आधी हिस्केचं, मग तिच्या नवऱ्याचं, मुलाचं आणि वडिलांचं, सगळ्यांचं हात हातात घेऊन अभिनंदन करी, जणू पन्नाशी सगळ्या घरालाच लागली होती. दुपार कलली तसे शेजारी निघून गेले आणि घरचेच उरले. खिडकीजवळ हिस्केचे वडील चालिंग, त्यांच्याशेजारी वीब्रेन, वीब्रेनची सोळा वर्षांची मुलगी निन्के, कोपऱ्यात हिस्केचा एकुलता एक रिन्से. आणि सतत स्वयंपाकघरात कॉफी आणायला जाणारा, पण कॉफी न आणणारा तिचा नवरा डूके.

वीब्रेनने चमचा कपावर वाजवला. गावच्या काट्सन मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून ही सवय त्याला लागली होती.

"येत्या रविवारी जिल्हा चषक," तो म्हणाला. "वीस वर्षांखालच्यांचा. आपल्या स्किर्वर्ट गावाचे तीन गडी ठरले बरं का. पोस्टमांचे जुळे दोघे, आणि चेंडू टाकायला आपला रिन्से!"

चालिंग आजोबांनी गुडघ्यावर थाप मारली. रिन्सेने मात्र हातातली बशी खाली ठेवली.

"मामा, मी तुला गुरुवारी फोन केला होता."

"म्हटलं ना, गवत कापत होतो."

"निरोप ठेवला होता."

"निरोप कोण ऐकत बसतं रे?"

"मला रविवारी नाही जमणार." रिन्सेने एकदा आईकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "आम्ही बुधवारी सेमीफायनल जिंकलो. रविवारी उट्रेख्तला फायनल आहे."

हिस्केला क्षणभर कळेचना, कसली फायनल. मग कळलं. तो वरच्या खोलीतला खेळ. कानांवर हेडफोन, समोर स्क्रीन, पाच पोरं या बाजूला आणि पाच त्या बाजूला, बंदुका आणि धूर. 'निळे बगळे' असं त्यांच्या संघाचं नाव होतं. गेल्या हिवाळ्यात रिन्सेने त्यांच्याशी करारसुद्धा केला होता आणि हिस्केने जेवताना तो विषय काढायचा नाही असा नियमच करून टाकला होता.

"गावात तुझ्या वयाची तीनच पोरं उरलीत," ती म्हणाली. "तीन! बाकीची शहरात गेली. एक जरी नसला तर संघच होत नाही."

"माहीत आहे."

"तुला चेंडू टाकायला मी शिकवलंय. आजूबाजूच्या गावांत असा हात नाही कुणाचा. आणि तो हात तू..." तिने बोटांनी माऊस फिरवल्यासारखं करून दाखवलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. पोरांनी आपापसात काय हवं ते खेळावं, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला खेळ म्हणू नकोस."

रिन्से खाली ठेवलेल्या बशीतला चुरा बोटाने गोळा करू लागला. त्यानेच तिला जास्त राग आला.

*

चालिंगना आपल्या लेकीचा अभिमान वाटला. अगदी बरोबर बोलली होती ती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी या गावातून माणसं जाताना पाहिली, दुकान बंद होताना पाहिलं, चर्चमध्ये कुणीतरी कुंभारकामाचे वर्ग भरवताना पाहिलं. पण चषकाच्या रविवारी 'स्किर्वर्ट' अशी हाक आली आणि मैदानावर कुणीच उभं राहिलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"खेळ म्हणजे वारा," ते म्हणाले. "चेंडू तुम्ही टाकता, पण जातो वारा म्हणेल तिकडे. खोलीत बसून कसला वारा?"

"पाके, पंखा असतो," निन्के म्हणाली. नातवंडं आजोबांना पाके म्हणत. रिन्से झाल्यापासून हिस्के आणि डूकेही तसंच म्हणू लागले होते.

"आगाऊपणा करू नकोस."

स्वयंपाकघराच्या दारातून डूकेने मान बाहेर काढली. जावई एरवी वादात पडत नसे. गावाबाहेरच्या कालव्यावरचा पूल बोटींसाठी वर-खाली करण्याची त्याची नोकरी होती, आणि ती त्याच्या स्वभावाला शोभणारी आहे असं चालिंग नेहमी म्हणत.

"पाके, बुधवारी रिन्सेचा सामना बघायला जेवढे लोक होते ना," डूके म्हणाला, "तेवढे सगळ्या उन्हाळ्यात मिळून आपल्या मैदानावर येत नाहीत."

"कुठे होते? घरी, सोफ्यावर!"

"पण होते."

हिस्के खुर्चीतच वळली. "तुला काय माहीत किती होते?"

"मी बघत होतो."

"कुठे?"

"पुलावर." डूके लालबुंद झाला. "फोनवर. बोट आली की बंद करतो."

"थांब, थांब," वीब्रेन म्हणाला. "गेल्या महिन्यात मी भोंगा वाजवून वाजवून थकलो आणि पूल काही वर गेला नाही, तो..."

"अटीतटीचा डाव होता रे."

निन्के खो-खो हसली. रिन्सेने चमकून बापाकडे पाहिलं. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, हे चालिंगनाही दिसलं. हिस्के मात्र हसली नाही. "म्हणजे एका घरात राहून तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे..."

"मी पाठीमागे काही नाही केलं," डूके म्हणाला. "तूच म्हणालीस, घरात विषय नको. मग मी पुलावर नेला."

चालिंगनी काठी आपटली. "ते सोडा. रविवारचं बोला. तिसरा गडी कुठून आणायचा?"

"मी खेळते," निन्के म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. वीब्रेन सर्वांत जास्त चकित झाला होता, आणि तिचा बाप तोच होता.

"नियम बदललाय," ती भराभर सांगू लागली. "गावात मुलगे कमी असले तर मुलगी चालते. बाबा, तूच मागच्या सभेत वाचून दाखवलंस. मी रोज भिंतीवर चेंडू मारते. पोस्टमांच्या दोघांना विचारलं सुद्धा. ते म्हणाले, चालेल."

"तू विचारलंस? कधी?"

"रिन्सेने मला गुरुवारी सांगितलं. तू गवत कापत होतास."

चालिंगना पोरगी आवडत असे. म्हणूनच ते तिला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, मुलींनी आपापसात खेळावं. अगदी हवं ते खेळावं, माझं काही म्हणणं नाही. पण ते काट्सन नव्हे."

*

हिस्केच्या हातातला कप बशीवर टेकता टेकता थांबला.

वडिलांचं हे वाक्य तिला पाठ होतं. आपल्या अठराव्या उन्हाळ्यात तिने ते ऐकलं होतं, गोठ्याच्या दारात उभं राहून, शेजारच्या गावी बायकांच्या सामन्याला निघताना. त्या दिवशी तिने अख्खं मैदान मारलं. गळ्यात पानांचा हार घालून तिला राणी म्हणून फिरवलं. ती गर्दीत एकच चेहरा शोधत राहिली. घरी आली तेव्हा वडील धारा काढत होते. त्यांनी विचारलं, वाटेत पाऊस लागला का?

पण आत्ता तिला हादरवलं ते त्या आठवणीने नव्हे. तेच वाक्य थोड्या वेळापूर्वी तिच्या स्वतःच्या तोंडून निघालं होतं. 'माझं काही म्हणणं नाही' सकट.

"बाबा, पुरे," ती म्हणाली.

किती तरी वर्षांनी तिने त्यांना बाबा म्हटलं होतं. चालिंग गोंधळले.

"अगं, मी तुझ्याच बाजूने बोलतोय."

"तेच तर. माझ्या बाजूने नका बोलू." "मी जिंकले तेव्हा तुम्ही का नाही आलात?"

"गायी होत्या."

"गायी सगळ्यांकडेच होत्या. जुळ्यांचे आजोबा आले होते. त्यांची तर मुलगीही खेळत नव्हती."

"हिस्के, वाढदिवस आहे," वीब्रेन हळूच म्हणाला.

"माझाच आहे. तू गप्प बस. तुझं नाव मंडळाच्या मोठ्या पाटीवर सोनेरी अक्षरात आहे. माझं कुठे आहे ठाऊक आहे? कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी. हिवाळ्यात दिसत पण नाही." ती निन्केकडे वळली. "तू खेळणार. कोण नाही म्हणतं ते मी बघते."

"आणि आत्या, रिन्से?"

हिस्केने मुलाकडे पाहिलं. सगळ्यांत अवघड हेच होतं. आईने हरल्यासारखं न दाखवता हरायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"रिन्से उट्रेख्तला जाईल," ती म्हणाली. "आणि मी पण जाईन. तिकीट मिळतं ना त्याला?"

"मिळतं," डूके म्हणाला. "म्हणजे, माझ्याकडे आहे. दोन आहेत. मी आपलं... घेऊन ठेवली होती."

चालिंग उठले. कुणाचा हात न धरता ते दारापर्यंत गेले, टोपी घातली आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या घराकडे निघून गेले. म्हातारीच्या पाटीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"आता?" वीब्रेन म्हणाला.

"आता तू पोरीचं नाव लिहून पाठव," हिस्के म्हणाली. "आणि मला केक दे. मी अजून चाखलासुद्धा नाही."

*

आठवडाभर रिन्सेने दुपारी निन्केला मैदानावर नेलं. फायनलचा सराव त्याला संध्याकाळी असे. त्याआधी बाहेर हिंडून आलं की डोकं शांत राहतं, असं तो म्हणे. आईने हे ऐकून भुवई उंचावली.

निन्के डावखुरी होती. रिन्सेने तिला आपल्यासारखं उभं करून पाहिलं, पाय बदलून पाहिले, चेंडू आखलेल्या चौकटीत काही पडेना. जुळे पोस्टमा चौकटीत उभे राहून जांभया देत होते.

"तू रागावून टाकतेस," रिन्से म्हणाला.

"मग कशी टाकू? प्रेमाने?"

"टाकायच्या आधी ठरव. कुठे पडणार ते आधी बघ, मग हात सोड."

"तू तुझ्या गेममध्ये असंच करतोस?"

"मी तिथे फारसं काही करतच नाही. मी सांगतो. कुणी कुठून जायचं, कधी थांबायचं. बाकीचे चौघे करतात."

"म्हणजे माझ्या बाबासारखा अध्यक्ष?"

"तुझा बाबा निरोप ऐकत नाही. मी ऐकतो."

कुंपणापाशी काठीचा आवाज आला. चालिंग उभे होते. वाढदिवसानंतर ते कुणाशी धड बोलले नव्हते. आता इथे भांडण नको, असं रिन्सेला वाटलं.

"चेंडू माझ्या कांद्यांत येतोय," म्हातारा म्हणाला.

"माफ करा, पाके."

"दोनदा आला." ते गेले नाहीत. निन्केने पुन्हा चेंडू टाकला, तो पुन्हा बाहेर पडला. म्हाताऱ्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा. "अरे गाढवा," ते रिन्सेला म्हणाले, "ती डावरी आहे आणि तू तिला उजव्यासारखी उभी करतोयस. तिचा चेंडू आतल्या बाजूला वळतो. परतवणाऱ्याला तो दिसणारच नाही. तिला त्या टोकाला ने."

"त्या टोकाला वारा समोरून येतो."

"म्हणूनच तर!"

निन्के त्या टोकाला गेली. चेंडू तिच्या हातातून सुटला, हवेत मधेच विचार बदलल्यासारखा वळला आणि पोस्टमांच्या थोरल्याच्या पायांमधून गेला. त्याची जांभई तिथल्या तिथे थांबली.

दुसऱ्या दिवशी चालिंग येताना घडीची खुर्ची घेऊन आले.

*

उट्रेख्तच्या त्या सभागृहात हिस्केला पहिला धक्का बसला तो माणसांचा. तिला वाटलं होतं, फिकट चेहऱ्याची मुलं असतील. इथे गालांवर निळे पट्टे ओढलेल्या मुली होत्या, खांद्यावर लेकरू घेतलेले बाप होते, आणि तिच्या पुढच्या रांगेत तिच्याहून मोठी बाई विणकाम करत बसली होती.

"तुमचा कोण?" बाईने विचारलं.

"मधला. जो बोलतो तो."

"अरे वा! माझा नातू शेवटचा. सगळ्यात लहान. फार घाबरतो हो. तुमचा सांभाळून घेतो त्याला, मला सांगत असतो."

हिस्के त्या शेवटच्या पोराला नजरेने शोधू लागली.

सामना सुरू झाला. प्रचंड पडद्यावर काय चाललंय ते पहिले काही डाव तिला अजिबात कळलं नाही. डूके कानाशी सांगत होता: ते तिकडून येताहेत, हे इथे दबा धरून आहेत, तो दरवाजा राखायचा आहे. हळूहळू तिने पडदा सोडून मुलाच्या चेहऱ्याकडे बघायला सुरुवात केली. तो चेहरा ती ओळखत होती. चेंडू टाकायच्या आधी तो असाच दिसे: ओठ मिटलेले, डोळे दूर कुठेतरी. आणि ओठ हलले की इतर चौघे हलत. एकदा धाकट्याने मोठी चूक केली आणि सगळा डाव गेला. पोरगं मान खाली घालून बसलं. रिन्से त्याच्याकडे झुकला, काहीतरी म्हणाला, आणि ते पोरगं चक्क हसलं. पुढच्या रांगेतल्या बाईने विणकाम छातीशी धरलं.

मधल्या सुट्टीत डूकेचा फोन वाजला. पलीकडे वारा आणि वाऱ्यावर मात करणारे चालिंग.

"पहिला सामना जिंकलो!" ते ओरडत होते. "दुसरा गेला. थोडक्यात गेला! तो पंच आंधळा आहे. पोरीचा चेंडू रेषेवर होता, मी स्वतः पाहिला. मी गेलो आत मैदानात."

हिस्केने फोन घेतला. "मैदानात? तुम्ही?"

"मग काय करू? माझ्या नातीचा चेंडू होता." श्वास घ्यायला ते थांबले. मग आवाज खाली आला. "वीब्रेनने मला बाहेर काढलं. लोक टाळ्या वाजवत होते. मला की पोरीला, माहीत नाही." पुन्हा थांबले. "तुमच्याकडे काय?"

"बरोबरी आहे, बाबा. आता शेवटचे डाव."

"मग फोनवर काय बोलत बसलीस? बघ ना!" आणि त्यांनी फोन ठेवला.

निळे बगळे हरले. अगदी शेवटच्या डावात, शेवटच्या क्षणी. समोरची बाजू खुर्च्यांवरून उड्या मारत होती आणि रिन्से हेडफोन काढून नुसता बसून होता. मग तो उठला, एकेका भिडूच्या पाठीवर हात ठेवला, समोरच्या पाचांचे हात हातात घेतले. हिस्केच्या बाजूला डूके डोळे पुसत होता आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने रिन्से कठड्यापाशी आला. आईकडे बघून त्याने खांदे उडवले. जिंकलो नाही तर आई काय म्हणेल, याची तयारी त्याने आठवडाभर केली असणार, हे तिला दिसलं. हरलेल्याला काही बोलायचं नसतं, हे तिला मैदानावर उभं राहून राहून कळलेलं होतं. तिने पिशवीतून चीज लावलेला पाव काढून त्याच्या हातात दिला. त्याने दोन घासांत संपवला.

"कंटाळा आला असेल ना?" त्याने विचारलं.

हिस्के विचारात पडली होती. "शेवटून दुसऱ्या डावात," ती म्हणाली, "ते सगळे दरवाज्याकडे धावले होते. डावी बाजू पूर्ण मोकळी होती. तू पोरांना डावीकडून का नाही पाठवलंस?"

रिन्से तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. डोळे भरलेले होते, तरी ते थांबेना.

"आई, तिथे त्यांचा एक जण लपला होता."

"दिसला नाही मला."

"तो दिसत नाही, म्हणून तर तिथे असतो!" त्याने शेजारची खुर्ची ओढली, तिची पिशवी मांडीवर घेतली, पावाचा कागद काढून पसरला आणि बोटाने त्यावर रेघा ओढू लागला. "हे बघ. हा दरवाजा. इथे आपण पाच..."

"थांब, थांब," हिस्के म्हणाली आणि चष्मा लावून पुढे वाकली. "तरी मला वाटतं, दोघांना तरी पाठवायला हवं होतंस."